मामाच्या ३८६ वर प्रोटेक्टेड मोड

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला प्रोटेक्टेड मोडची असाइनमेंट होती. चालू होताना प्रोसेसर जुन्या, साधारण १ एमबी मेमरीपुरत्या रिअल मोडमध्ये असतो; त्यापुढची मेमरी आणि मेमरीचं संरक्षण देतो तो प्रोटेक्टेड मोड. आम्ही ती लिनक्सवर केली. मशीन स्टेटस वर्ड (प्रोसेसरची स्थिती सांगणारं रजिस्टर) वाचायचा, त्याचा शून्यावा बिट, म्हणजे पीई, १ आहे म्हणून ‘प्रोसेसर प्रोटेक्टेड मोडमध्ये आहे’ असं छापायचं. जर्नलवर सही झाली. पण तो बिट लिनक्सने आधीच १ करून ठेवलेला असतो. रिअल मोडमधून तिकडे नेण्याचं काम आम्ही केलंच नव्हतं. ते मला डाचत राहिलं.

क्यूएमू एम्युलेटरवर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या पीसीवर) बूट सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात आधी चालणारा तुकडा, लिहून दोन रात्रींत जमवलं. मग दिवाळीत सांगलीला गेलो. मामाच्या डीटीपीच्या दुकानातला ३८६ प्रोसेसरचा जुना पीसी माळ्यावर होता, ४ एमबी मेमरीचा. सेटअप लक्षात ठेवणाऱ्या सीमॉसचा सेल संपलेला, त्यामुळे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे डिस्कच्या लेबलवरून बघून सेटअपमध्ये भरले. डॉस ६ चालू झालं!

माझा कोड डॉसमधून चालणारी कॉम फाइल करून फ्लॉपीवर नेला होता. पहिल्याच तपासणीत बिट १ दिसला. कॉन्फिग फाइलमधून ईएमएम३८६ (डॉसचं मेमरी मॅनेजर) लोड होत होतं. ते प्रोसेसर प्रोटेक्टेड मोडमध्ये नेतं आणि डॉसला व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये, म्हणजे त्याच्या आतच जुन्या ८०८६ ची नक्कल करून, चालवतं; मग आपल्याला तिथे शिरकाव नाही. चालू होताना एफ५ दाबून कॉन्फिग फाइल टाळली.

आता खरा रिअल मोड. प्रोग्राम चालवला की मशीन रीस्टार्ट. दरवेळी मेमरीचे आकडे मोजून होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा एफ५. स्क्रीनवर काही छापावं तर रीस्टार्टमध्ये पुसलं जायचं. म्हणून स्वतःवरच उडी मारणारी एक ओळ घातली, म्हणजे प्रोग्राम तिथेच फिरत राहील, आणि ती एकेक ओळ खाली सरकवत गेलो. जीडीटीचा, म्हणजे मेमरीच्या सेगमेंटची माहिती देणाऱ्या डिस्क्रिप्टरच्या तक्त्याचा, पत्ता लोड केल्यावर मशीन शांत. पीई बिट १ केल्यावरही शांत. त्यानंतरची ‘फार’ (far) जंप, म्हणजे सेगमेंटही बदलणारी उडी, झाली की रीस्टार्ट. म्हणजे प्रोसेसर डिस्क्रिप्टर वाचायला जात होता आणि तिथे भलतंच काही मिळत होतं.

जीडीटीचा पत्ता ठेवणाऱ्या जीडीटीआर रजिस्टरला सेगमेंट कळत नाही, त्याला थेट लिनिअर (सेगमेंट आणि ऑफसेट मिळून झालेला) पत्ता लागतो. बूट सेक्टरमध्ये माझा सेगमेंट शून्य होता, म्हणून ऑफसेट आणि पत्ता एकच. डॉस मात्र कॉम फाइल मोकळी जागा दिसेल तिथे ठेवतं. सेगमेंटला १६ ने गुणून ऑफसेट मिळवला. कोडच्या डिस्क्रिप्टरमध्येही बेस, म्हणजे सेगमेंटचा सुरुवातीचा पत्ता, तसाच भरायचा होता, आणि तो तुकड्यांत: बाइट २, ३, ४ आणि मग एकदम ७. हे तुकडे मी आजवर नुसते पाठ केले होते. १९८२ च्या २८६ मध्ये बेस २४ बिटांचा होता आणि शेवटचे दोन बाइट राखीव. १९८५ मध्ये ३८६ आला तेव्हा उरलेले ८ बिट त्या राखीव जागेत बसवले. आठ चौकोन कागदावर काढले तेव्हा ते डोळ्यांनी दिसलं.

जंप पार पडली. १ एमबीच्या पुढे ४ केबी भरले, परत वाचले, अचूक जुळले. पण रिअल मोडला येऊन इंटरप्ट चालू करताच मशीन गोठलं. ह्याच जागी मी सर्वांत जास्त अडकलो, दीड दिवस.

कारण ए२० लाइन बंद होती. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये ८०८६ च्या जुन्या प्रोग्रामांसाठी पत्त्याची ही (शून्यापासून मोजून) विसावी लाइन शून्यावर धरायची सोय केली, आणि तिचा ताबा दिला कीबोर्ड कंट्रोलरकडे. ती बंद असताना १ एमबीचा पत्ता गुंडाळून शून्यावर येतो. माझे ४ केबी तिथल्या इंटरप्ट व्हेक्टर टेबलवर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर कुठे जायचं ते सांगणाऱ्या तक्त्यावर, पडत होते आणि मी तिथूनच ते परत वाचत होतो, म्हणून जुळत होते! क्यूएमूवर बायोसनेच ए२० आधी उघडलेली असते. इथे एफ५ ने हिमेम (१ एमबीपुढच्या मेमरीसाठीचं डॉसचं ड्रायव्हर) टळलं, म्हणून उघडणारं कुणी उरलं नव्हतं.

कीबोर्ड कंट्रोलर मोकळा होईपर्यंत वाट बघून हेक्स ६४ पोर्टवर डी१ पाठवला, पुन्हा वाट बघून ६० वर डीएफ; ए२० उघडली. तपासणीही बदलली: वर लिहायचं आणि शून्याजवळचं बदललं नाही ना ते पाहायचं.

भाऊबीजेच्या रात्री थेट व्हिडिओ मेमरीत लिहिलेला हिरवा ‘पी’ कोपऱ्यात उमटला आणि त्याखाली डॉसचा प्रॉम्प्ट परत आला. मामा मागे उभा होता. ‘आता बंद नाही पडणार ना रे?’ त्याने विचारलं. मी ‘नाही मामा’ म्हटलं आणि त्याच्यासमोर तोच प्रोग्राम पुन्हा चालवला.