नदीकाठी दिवसभर, मॅन्युअल मोडवर

उजाडण्याआधी नदीवर पोहोचलं की कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी मी एकच गोष्ट ठरवतो: या चित्रात पाणी कसं दिसायला हवं? ते ठरलं की शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहणार) ठरतो आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; ‘एफ’चा आकडा मोठा तितकं ते लहान), आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील) त्याच्या मागून येतात. तिन्ही आकडे एकदम फिरवत बसलं तर मीटर (उजेड बरोबर आहे का ते सांगणारी पट्टी) शून्यावर येतो, पण फोटोत म्हणायचं ते राहून जातं.

आधी ऑटो आयएसओ बंद करायचं. डायल ‘एम’वर, म्हणजे मॅन्युअलवर, असला तरी ते चालू असेल तर शटर बदलताच कॅमेरा गुपचूप आयएसओ हलवतो, आणि उजेड का बदलत नाही हे कळत नाही.

पहाटेच्या सावलीत धबधब्यासाठी आयएसओ १००, एफ/११ आणि १/४ ते १ सेकंद. या टप्प्यात पाण्याचे धागे सुटे दिसतात. त्याहून लांबवलं की सगळा दुधाचा लोट होतो. मला धागेच आवडतात, कारण त्यांत प्रवाहाची दिशा राहते. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद ठेवतो आणि बोटाचा धक्का टाळायला २ सेकंदांचा टायमर लावतो.

ऊन चढलं की त्याच एफ/११ ला मीटर १/६० दाखवतो. इथे एफ/२२ पर्यंत अॅपर्चर मिटवण्याचा मोह आवरावा. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळा फोटो मऊ पडतो. त्यापेक्षा ६ स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, बरा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. १/६० सहा वेळा दुप्पट केलं की साधारण १ सेकंद. १० स्टॉपचा लावला तर तेच १७ सेकंद. मात्र त्यातून जवळजवळ काही दिसत नाही, म्हणून फोकस आधी करून मॅन्युअलवर टाकायचा, मगच फिल्टर. डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकीही झाकायची. लांब एक्स्पोजरमध्ये मागून शिरलेला उजेड फोटोवर पट्टा उमटवतो.

दुपारी उलटा सराव, थेंब गोठवण्याचा. लख्ख उन्हात आयएसओ १००, एफ/१६ ला १/१२५ हा जुना हिशोब अजून चालतो. अॅपर्चर तीन स्टॉप उघडून एफ/५.६ केलं की शटर १/१००० मिळतो. शुभ्र फेस जळतो, म्हणजे त्यातला तपशील जातो, म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला की शटर आणखी एक स्टॉप वेगवान करतो.

संध्याकाळी पुलावरच्या सायकलींवर पॅनिंग, म्हणजे सायकलीबरोबर कॅमेरा फिरवत टिपणं: १/३०, कंबरेतून वळायचं आणि शटर मिटल्यावरही वळणं थांबवायचं नाही. हात तिथेच अडखळला तर सायकलही पुसट होते. १/१२५ ला मागचं दृश्य जागीच उभं राहतं, १/८ ला स्वार सापडत नाही. दहांतला एक जमला तरी चांगला हात.

काळोख पडल्यावर तारे. २० एमएम, एफ/२.८, आयएसओ ३२००. तारे ठिपकेच राहावेत म्हणून शटर किती वेळ, याचा हिशोब: ५०० भागिले फोकल लेंथ (इथे २०) म्हणजे २५ सेकंद, पण जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तारे तेवढ्यातही लांबट होतात. मी १५ वर थांबतो. १.५ क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर (फोकल लेंथ दीडपट धरून) ५०० च्या हिशोबानेच १७ सेकंद येतात, तिथे १० पुरे. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या थेट दृश्यात) एखादा ठळक तारा १० पट मोठा करून तो सर्वांत लहान ठिपका होईपर्यंत रिंग फिरवावी. अंधारात स्क्रीन भलताच उजळ वाटतो, तेव्हा खरं-खोटं हिस्टोग्रामलाच विचारावं.

नदीकाठी तासाभराने फोटो धूसर येऊ लागले तर लगेच फोकसला हात घालू नये. टॉर्च तिरका धरून पुढची काच पाहावी. बहुतेकदा तिथे दव साचलेलं असतं.