खंड्यानंतरचं कुत्रं: मुधोळची एक फेरी, पट्टणकोडोलीची दुसरी

श्रावणात आमचा राखणीचा कुत्रा खंड्या गेला. बिबट्यानं नरड्याला धरला. चूक माझीच, पावसानं पट्ट्याखाली मान चिघळली होती म्हणून काटेरी पट्टा काढून खुंटीला अडकवलेला, आणि नेमकं त्याच आठवड्यात झालं. शेळी एकबी गेली नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमची बेचाळीस उस्मानाबादी शेळ्यांची वस्ती आहे, त्यानंतर दोन महिने मी आणि थोरला भाऊ आळीपाळीनं बॅटरी घेऊन गोठ्यात झोपत होतो आणि शेळ्या आमच्यापेक्षा जास्त जाग्या असायच्या.

ज्याला विचारावं तो म्हणायचा मुधोळ कुत्रं आण. म्हणून पहिली फेरी कर्नाटकात मुधोळ गावालाच. निपाणी, चिकोडी, महालिंगपूर करत पहाटे निघालं की सकाळी पोचतंय. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी श्वान संशोधन केंद्र आहे, घरगुती पाळणारे पण भरपूर. कुत्री काय देखणी, पोट आत गेलेलं, पाय लांब, बघत बसावं. पण मुधोळ म्हणजे नजरेनं सावज हेरून त्याच्या मागं सुटणारं शिकारी कुत्रं. राखणीच्या कुत्र्यानं सुटायचं नसतंय, कळपापाशी थांबून भुंकायचं असतंय. आम्ही असताना दोन रस्ते पलीकडं शेरडू हललं तर एका पिल्लाची मान ताठ झाली, आणि भाऊ हळूच म्हणाला, 'हे आपलीच करडं पळवंल.' रिकाम्या हातानं परत. पैसे वाया गेले असं मला वाटत नाही, पण शेळ्यांसाठी जाणार असाल तर तेवढं डिझेल वाचवा.

दुसरी फेरी पट्टणकोडोलीची. दसऱ्यानंतर विठ्ठल बिरदेवाची जत्रा असते, महाराष्ट्र कर्नाटकातले धनगर एका ठिकाणी भेटतात. जत्रेत कुत्रं मिळत नाही, पत्ता मिळतो. चहाच्या गाड्यावर घोंगडंवाल्या मामांच्या शेजारी बसायचं आणि कुणाची कुत्री व्यालीय एवढंच विचारायचं. तिसऱ्या चहाला आम्हाला कागलच्या बाजूच्या धनगरांच्या एका तळाचा पत्ता लागला. निघायच्या आधी फोन करा, कारण रान बदललं की तळ हलतोय. आणि रात्री जाणार असाल तर गाडी सावकाश, उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाईट नसतीया.

आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो आणि रात्रभर राहिलो. हे कराच. दिवसा सगळीच कुत्री सावलीत झोपलेली असतात, त्यातनं काय कळणार? वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी लावून बकरी आत घेतली (धनगर मेंढरांनाच बकरी म्हणतात, शेळी वेगळी) तशी पिल्लांची आई उठली, जाळीभोवती एक फेरी मारली, आणि ओढ्याच्या अंगाला जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. दोनच्या सुमाराला ओढ्यात काहीतरी खसपसलं. ती चार पावलं पुढं गेली, भुंकली, परत जागेवर. मागं पळाली नाही. मी भावाकडं बघितलं, तो आधीच माझ्याकडं बघत होता.

पिल्लं पाच. सकाळी तळावरच्या मामांनी सगळी कोकरांत सोडली. एक कान ओढत होतं, एक पळालं, आणि एक काळं-तांबडं कोकराच्या पोटाला टेकून झोपलं. तेच घेतलं. पैसे विचारले तर मामा म्हणाले, 'कुत्रं इकत न्हाई बाबा आमी. नारळ दे. आनि फुडच्या जत्रंला घिऊन ये, मला बघायचंय.'

पिल्लू दोन महिन्यांचं होतं, त्याच्या आत आईपासनं तोडू नका. आईच्या अंगाखालचं पोतं मागून घ्या, पहिल्या रात्री रडणं कमी होतंय. घरात घेऊ नका, पोरांनी कितीबी हट्ट केला तरी, गोठ्यातच कडेला जाळी मारून ठेवा म्हणजे शेळ्यांचा वास डोक्यात बसतोय आणि एखादी खडूस शेळी ढुशी मारायला लागली तर त्याला पळायला जागा राहते. पार्वो-डिस्टेंपरची लस लगेच, रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचं झालं की. जंताचं औषध चुकवू नका आणि मेलेल्या शेळीचं कच्चं डोकं कधीच टाकू नका, त्यातनं कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्याची अंडी चाऱ्यातनं शेळीच्या मेंदूत गाठ करतात आणि ती गोल गोल फिरायला लागते. दीड-दोन वर्षं त्याच्याकडनं बिबट्याची राखण मागू नका. तोवर लाईट आणि जाळी तुमची.

काटेरी पट्टा मान भरली की घालायचा आणि रोज संध्याकाळी खाली हात घालून मान बघायची. चिघळली तर कुत्र्याला आत बांधा, पट्टा काढून बाहेर सोडू नका.

पुढच्या जत्रेला आम्ही जाणार आहोत, मामांना शब्द दिलाय. तुम्ही येणार असाल तर गाडी लांब लावायला लागते, आणि पांढरा शर्ट घालू नका, भंडारा धुऊन निघत नाही.