प्रार्थना 'येत नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी रीत

ख्रिस्ती मंडळीत कुणाला 'आता तुम्ही प्रार्थना करा' म्हटलं की बरेच जण पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, बघतात. वर्षानुवर्षं कानावर पडलेली प्रार्थना म्हणजे 'हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, सनातन...' आणि दर चार शब्दांनी 'प्रभू, प्रभू'. तसं आपल्याला जमणार नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच असतं. जमायची गरजही नाही.

जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा पेटर नावाचा एक न्हावी होता. प्रार्थना करायची कशी, हे त्याला शिकायचं होतं. 1535 साली ल्यूथरने त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली. त्यातली रीत आजही तशीच्या तशी वापरता येते.

पहिली सूचना वेळेची. प्रार्थना हे सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं काम असावं. 'थांब, हे एवढं उरकतो, तासाभरात करतो' हा विचार आला की तो तास येतच नाही, असं ल्यूथर बजावतो. आज मोबाईल हातात घेण्याआधी की नंतर, एवढाच प्रश्न आहे. उत्तर 'आधी'. दहा मिनिटं पुरतात.

मग एक वाक्य घ्यायचं. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली (बायबल, मत्तय 6:9-13) एखादी विनंती, बायबलमधल्या दहा आज्ञांतली एक, नाहीतर तिथल्याच एखाद्या स्तोत्रातली एक ओळ. आज्ञांसाठी ल्यूथरने चार पदरी पद्धत दिली आहे: हे वाक्य काय शिकवतं, त्यात उपकार कशाचे मानायचे, कबूल काय करायचं आणि मागायचं काय. ती प्रभूच्या प्रार्थनेलाही छान लागू पडते.

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' हीच ओळ घ्या. शिकवण: इथे 'माझी' नाही, 'आमची' आहे, आणि मागणं आजच्यापुरतं आहे, पुढच्या पाच वर्षांचं नाही. उपकार: पगार वेळेवर झाला, सिलिंडर आला, आईला दोन घास गेले. अशी नावानिशी यादी करा. पापांगीकार: कामवाल्या मावशींचे पैसे 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणून अडकवलेत, ते तसंच्या तसं बोला. मागणं: शेजारच्या ज्याची नोकरी गेली त्याचं नाव घ्या, त्याला काम मिळू दे म्हणा. झाली प्रार्थना. यातला एकही शब्द ग्रांथिक नाही. प्रार्थना संपल्यावर मावशींचे पैसे द्यायचे, हे वेगळं सांगायला नको.

चारही पदर रोज पुरे व्हायलाच हवेत असं नाही. एखाद्या ठिकाणी मन अडकलं, काही उमगलं, तर बाकीचं सोडून तिथेच थांबा, असं ल्यूथर स्वतःच सांगतो. 'कोटा' पूर्ण करायच्या नादात आपण नेमकं हेच हुकवतो.

मन भटकतं, ही सगळ्यांची तक्रार. ल्यूथरने न्हाव्याला त्याच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं: वस्तरा चालवताना लक्ष दाढीवर हवं, गप्पा मारत इकडेतिकडे बघितलं तर गिऱ्हाइकाचं नाक कापलं जाईल, नाहीतर गळा. यावर दोन उपाय चालतात. एक, ओठ हलवून हलक्या आवाजात बोलायचं. दोन, जी गोष्ट सारखी मध्ये येते, वीजबिल म्हणा किंवा मुलीचा निकाल, तिलाच प्रार्थनेत घ्यायचं. ती येते, कारण तिचीच काळजी असते.

'व्यर्थ बडबड करू नका' (मत्तय 6:7) या वचनावरून काही जण तेच ते मागायला कचरतात. पण अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय 26:44). प्रेषित पौलाने 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला सतत छळणारा एक त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे' असं उत्तर मिळालं. पुन्हा मागण्यात गैर काही नाही. फार बोललं की देव ऐकतो, ही समजूत तेवढी चुकीची.

काही दिवस शब्दच फुटत नाहीत. तेव्हा स्तोत्र 13 उघडा. सहाच वचनं: पहिल्या दोनांत 'कोठवर?' असं सरळ गाऱ्हाणं, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. गाऱ्हाण्यापाशीच अडकलात तर तिथेच थांबा. ओढूनताणून भरवशाची भाषा आणू नका. तेवढंही वाचवत नसेल तर येशूच्या दाखल्यातल्या, मंदिरात प्रार्थना करणाऱ्या जकातदाराचं एक वाक्य आहे (लूक 18:13): 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.'

प्रार्थनासभेत मोठ्याने करायची वेळ आली तर एकच विषय, एकच नाव, मिनिटभर आणि आमेन. तिथली खरी खोड वेगळीच: 'प्रभू, जे बंधू उपासनेला उशिरा येतात त्यांना सद्बुद्धी दे.' ही प्रार्थना देवाला नसते, तिसऱ्या बाकावरच्या माणसाला असते. त्या बंधूंशी बोलायचं असेल तर उपासना संपल्यावर, दाराशी, त्यांनाच गाठून बोला.