पुष्पाबाईंचा वर्ग

"बाईंवरचे सगळे लेख काढून बघ, बाई शिकवायच्या हे एका ओळीत उरकलंय," ताई म्हणाली आणि चहा तसाच ठेवून बसली.

ताई मुंबईच्या रुईया कॉलेजची, तिथे मराठी शिकवणाऱ्या पुष्पा भावेंची विद्यार्थिनी. आज कपाट आवरताना तिची मराठीची जुनी वही निघाली, समासात पेन्सिलीने नाटकांची नावं, परीक्षेशी काडीचा संबंध नाही, मग काय, फोटो ग्रुपवर गेले आणि दुपारभर फोन टुणटुणत राहिला. एकजण तर स्वतः मराठी शिकवून रिटायर झालेली, तिनेही माळ्यावरून आपली वही काढून फोटो टाकला. (अक्षर ताईपेक्षा बरं होतं, हे ताईला सांगितलं नाही.)

आपण बाहेरचे लोक बाईंना ओळखतो ते आणीबाणीतलं काम, रमेश किणी या भाडेकरूच्या संशयास्पद मृत्यूचं प्रकरण, भाषणं, नाट्यसमीक्षा यावरून. ३ ऑक्टोबर २०२० ला गेल्या, तेव्हा कोविडमुळे चार माणसं धड एकत्र जमू शकत नव्हती. आज ग्रुपवर मात्र चळवळीचा एकही मेसेज नाही, नुसता वर्ग.

कार्यकर्त्या पुष्पाबाई छापील कुठेतरी सापडतीलच हो. पण लेक्चरचं काय, ते कोण लिहून ठेवतं? तुमच्याकडे आहे का अशी एखादी वही, की रद्दीत गेली?