गालावर पट्टेच नव्हते

हिवाळा लागला की आमच्या रेस्क्यू सेंटरला काचेवर आपटलेले पक्षी यायला लागतात, त्यात नवीन काही नाही. त्या सकाळी खोक्यातून ऑरेंज हेडेड थ्रश आला, म्हणजे जमिनीवर चरणारा, नारिंगी डोक्याचा पक्षी. आणणाऱ्याने पाणीबिणी न पाजता अंधारात ठेवून आणला हे फार बरं केलं (अशा पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका हो, श्वासनळीत जातं). झाकण उघडलं आणि मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले.

कारण सह्याद्रीत बारा महिने राहणारा जो ऑरेंज हेडेड आहे, सायनोटा नावाची उपजात, त्याचा गळा पांढरा असतो आणि गालावर दोन काळपट उभे पट्टे, एक डोळ्याखाली, एक कानापाशी. याचं डोकं, गाल, गळा सगळं नारिंगी, कुठे रेघ म्हणून नाही. सोबतचा म्हणे, पिल्लू असेल, पट्टे यायचेत अजून. म्हटलं अरे, पिल्लाच्या पाठीवर फिकट रेघा असतात, याची पाठ बघ, एकसारखी निळी-राखाडी, खांद्यावर पांढरा डाग, हा पूर्ण वाढलेला नर आहे, मादीची पाठ जरा मातकट हिरवट असते. मग उरली दुसरी उपजात, सिट्रिना, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याशी वीण करून थंडीत दक्षिणेला उतरणारा, काही तर थेट श्रीलंकेपर्यंत जातात.

या एका जातीच्या डझनभर उपजाती आहेत, हिमालयापासून जावा-बालीपर्यंत, निकोबारची वेगळी, बोर्निओची वेगळी, पट्टे काहींना आहेत काहींना नाहीत. लॅथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १७९० मध्ये याला टर्डस या जीनसमध्ये (जवळच्या जातींचा गट) घातला, पुढे बरीच वर्षं झूथेरा या जीनसमध्ये होता, जमिनीवर चरणारे थ्रश सगळे तिथेच कोंबलेले, मग डीएनए तपासल्यावर ते एकमेकांच्या तितके जवळचे नाहीत असं निघालं आणि हा जिओकिक्ला या जीनसमध्ये गेला. आमच्या भिंतीवरच्या चार्टवर अजून झूथेराच आहे, कोण बदलणार.

आता कुणी म्हणेल उपजात कुठली याने काय फरक पडतो, पक्षी बरा करा नि सोडा. पडतो ना. सायनोटा असता तर जरा बरा झाल्यावर जवळच्या रानात सोडला असता, तिथलाच तो, झुडपाखाली पाचोळा उलटत दिवस काढतो, लांब उडायची गरजच नाही. याला उन्हाळ्याआधी हिमालय गाठायचाय, आणि उजवा पंख डाव्यापेक्षा जरा कमी उघडत होता. म्हणून ठेवून घेतला. पिंजऱ्यात पाचोळा पसरून गांडुळं सोडली, पठ्ठ्या अर्धा मिनिट पुतळ्यासारखा उभा, मग चोचीने एक पान भिरकावलं, परत स्तब्ध, आणि झपकन गांडूळ ओढलं. खायची अडचण नव्हतीच, पंख तेवढा सुधारायचा होता. सुधारला, मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत न टेकता उडायला लागला, तेव्हाच सोडला.

रजिस्टरमध्ये उपजातीचा कॉलम नव्हता, पट्टीने रेघ मारून मी केला. आता थ्रश आला की पोरं वजनाआधी गालाचा फोटो पाठवतात, तोही बहुतेक वेळा हललेला.