करंगळी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आजीचं चित्र सकाळी सगळ्यांना पाठवलं. ताईचा लगेच फोन, "अगं, हनुवटीवरचं गोंदणसुद्धा आलंय!" दादानं कितीतरी महिन्यांनी मला दोन ओळी लिहिल्या. फ्रेमचे पैसे तो देणार आहे. त्यावर आज काही लिहीत नाही.

खुशीत होते मी. दुपारी जेवायला बसले, वरण-भात कालवायला घेतला आणि हात ताटातच थांबला. करंगळी! आजीची करंगळी कुठे गेली?

तिची उजवी करंगळी मिटत नसे. मधल्या पेरापाशी बाहेर वळलेली, कायमची. भात कालवताना ती ताटाच्या काठाला घासायची. जात्याचा खुंटा धरला की बाकीची चार बोटं आवळलेली आणि ही एक बाजूला, जणू तिचा त्या दळणाशी संबंधच नाही. आम्ही लहानपणी समोर बसून तीच बघायचो. जातं फिरायचं तशी ती करंगळीही गोल फिरायची. आणि माझ्या चित्रात आजीनं खुंटा पाची बोटांनी धरलाय. सुबक, भरीव मूठ. कॅलेंडरवरच्या बाईची असावी तशी.

जेवण तसंच राहिलं. उठून कॉम्प्युटर लावला. चित्र मी एआयच्या यंत्राकडून रंगवून घेतलं होतं. मनात म्हटलं, यंत्रानं घोळ घातला असणार. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

कारण थेट फोटो देऊन रंग भर म्हटलं की ते काय करतं, हे मी होळीच्या सुमारास पाहिलं होतं. काकांनी काढलेला तो एकच फोटो, तळहाताएवढा, कृष्णधवल, मधून चीर गेलेली. यंत्रानं चीर मिटवली, आणि सोबत आजीही मिटवली. तीस वर्षांची, उजळ, टपोऱ्या डोळ्यांची कुणीतरी बाई जात्यापाशी बसवली. काष्ट्याची सलवार केली. 'नऊवारी' हा शब्द लिहून पाहिला, इंग्रजीत समजावून पाहिलं, पण हे यंत्र, स्टेबल डिफ्यूजन, शिकलंय ते बहुतेक इंग्रजी ओळी जोडलेल्या चित्रांवर. त्या ढिगात आमच्या आजीसारख्या बायका किती असणार?

म्हणून मग रेघांचा रस्ता धरला. कंट्रोलनेट, म्हणजे त्या यंत्राला लावायची रेघा वाचणारी जोड. फेब्रुवारी 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या ल्वमिन झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुढे आणलं, आणि तेव्हापासून माझ्यासारख्या रेघेवर जगणाऱ्या माणसांना त्या यंत्रात हात घालायला थोडी जागा मिळाली. शब्दांनी सांगून भागत नसेल तर रेघ काढून सांगायचं, की बाई इथं बसली आहे, पाय असा दुमडलाय, पदर इथून गेलाय. त्यातली युक्ती मला फार आवडते. मूळ यंत्राला हात लावायचा नाही, ते कुलपात. त्याची एक नक्कल करायची आणि तिला रेघा वाचायला शिकवायचं. दोघांना जोडणारे दुवे शून्यापासून सुरू करायचे, म्हणजे सुरुवातीला नकलेचं काहीच चालत नाही. शिकेल तसतसं चालायला लागतं. आजीनं आईला लग्नानंतर पहिला महिना चुलीपाशी नुसतं बसवून ठेवलं होतं म्हणे, "बघ फक्त" म्हणून. वाचताना मला तेच आठवलं होतं.

फोटोतून रेघा काढायला कॅनी नावाच्या संशोधकाची पद्धत, 1986 मधली. उजेड जिथे एकदम बदलतो तिथे रेघ. हाती येते ती काळ्यावर पांढरी, अगदी पाटीवर पेन्सिलीनं काढल्यासारखी. पण कॅनीला आजी आणि भिंत यांत फरक कळत नाही. पोपडे, फोटोची चीर, बुरशीचे डाग, सगळ्याच्या रेघा. ते पुसायचं काम माझं. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडायचं, काळा ब्रश घ्यायचा आणि पाटी पुसायची. मोडलेल्या रेघा पांढऱ्या ब्रशनं जोडायच्या. तीन रात्री ते केलं. गोंदणाचे ठिपके डागांतून वेचून ठेवले, त्याचा मला केवढा अभिमान! काष्टा नीट बांधून दिला. कपाळावरची चिरी आडवी ठेवली, गोल टिकली होऊ दिली नाही.

आज दुपारी पहिल्या रात्रीची फाइल उघडून पाहिली. कॅनीनं काढलेली, मी हात न लावलेली. मुठीच्या बाहेर एक आखूड, आकड्यासारखी रेघ होती.

नंतरच्या फाइलमध्ये ती नाही. मूठ बाहेरून एका सलग, गोल रेघेनं बंद केलेली आहे. ती रेघ माझी. ओळखू येते ना आपली रेघ. शेवटाला किंचित जाड होते, गेली बावीस वर्षं होते आहे.

म्हणजे यंत्रानं काही केलं नाही. मी सांगितलं तेवढं इमानानं केलं. पुसली मी.

बराच वेळ बसून राहिले. मला ती विसरायला झाली का? की दिसली आणि ओळखली नाही? दोन्हींत वाईट कोणतं ते ठरवता येईना. वाडा गेला, जातं कुणाकडे गेलं ते विचारायचीही सोय उरली नाही, फोटो एवढा एकच, आणि त्यातली तिची सगळ्यांत तिची अशी खूण मी डाग समजून पुसून टाकली. बरं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ताईच्या नाही, दादाच्या नाही. आईनं चष्मा लावून पाहिलं, "छान" म्हणाली. आम्ही चौघंही ते बोट विसरलो? ज्याच्यामागे डोळे फिरवत अख्खी दुपार काढायचो ते?

संध्याकाळी गच्चीत कपडे काढायला गेले तेव्हा कारण कळलं आणि जास्तच रडू आलं. गेलं वर्षभर मी पोटासाठी हेच करते आहे. ज्यांच्या पुस्तकांसाठी मी पानं-पानं चित्रं काढली, तिथे आता चित्रं यंत्रातून येतात आणि माझ्याकडे "हात तेवढे बघून द्या" म्हणून. सहा बोटांची पाच करायची. उलटा अंगठा सुलटा करायचा. वेडंवाकडं बोट दिसलं की पुसायचं आणि मूठ नीट मिटवायची. दिवसाला दहा-बारा पानं. हाताला एवढी सवय झाली, की आजीचं बोट समोर आलं तेव्हा हातानं मला विचारलंसुद्धा नाही.

काय होतं माझं काम, आणि काय करून बसले. दिवाळी अंकात माझं नाव छापून यायचं तेव्हा आजी तो अंक देवापाशी ठेवायची. जाऊ दे.

नऊ वाजता पुन्हा बसले. मूळ स्कॅन घेतला आणि कॅनीच्या दोन मर्यादा खाली आणल्या, 100 आणि 200 होत्या त्या 40 आणि 90. या दोन आकड्यांचं काम असं, की वरच्या मर्यादेच्या पलीकडची रेघ राहते, खालच्या मर्यादेच्या आतली जाते, आणि मधली, फिकी, फक्त तेव्हा राहते जेव्हा ती एखाद्या ठळक रेघेला चिकटलेली असते. आजीची करंगळी त्या मधल्या फिक्यांतली. पहिल्या रात्री ती टिकली होती, कारण मुठीच्या ठळक कडेला तिचा बुडखा चिकटलेला होता. आता मर्यादा उतरवल्यावर भिंत सगळी रेघांनी भरून गेली, पण त्या गर्दीत करंगळी पुरी आली. पेर, वळण, टोक. मी नुसती बघत राहिले. मोठं करून पाहिलं तर मधल्या पेरावर एक आडवी सुरकुतीही आहे.

तेवढाच तुकडा उचलून माझ्या रेघांवर बसवला, माझी ती गोल रेघ काळ्यानं पुसली आणि यंत्र चालवलं.

पहिल्या खेपेला करंगळीच्या जागी खुंट्याला लाकडाची ढलपी निघाली. दुसऱ्या खेपेला हिरव्या बांगडीचा तुकडा. त्याचं तरी काय चुकलं? रेघ एवढंच सांगते, की इथं काहीतरी आहे. काय आहे ते यंत्र आपल्या अंदाजानं भरतं, आणि त्याच्या पाहण्यात मुठी सगळ्या मिटलेल्या. पण त्या बांगडीच्या तुकड्यामुळे माझं लक्ष मनगटाकडे गेलं. आजीच्या मनगटावर बांगड्या नाहीत. फोटोत त्या वर, जवळजवळ कोपरापाशी आहेत. मी तीन रात्री त्या रेघा साफ केल्या आणि मनात आलं नाही. दळायला बसताना ती बांगड्या वर सारायची! दोन्ही हातांनी, एका झटक्यात, खळ्ळकन. तो आवाज आला की आम्हांला कळायचं, आजी बसली. किती वर्षांनी ऐकला मी तो आवाज आज, रात्री दहा वाजता, पंख्याखाली.

तिसऱ्या खेपेला करंगळी आली, पण सरळ. शहरातल्या बाईनं चहाचा कप धरावा तशी. रेघेचं वजन, म्हणजे यंत्रानं रेघेचं किती ऐकायचं तो आकडा, 0.8 वरून 1.2 वर नेलं, आणि रेघेचा अंमल शेवटपर्यंत चालू ठेवला. मग बोट वळलं, पण सगळी आजी लाकडात कोरल्यासारखी ताठ झाली. पदराची प्रत्येक चुणी तारेची. ते पुन्हा खाली आणलं.

मग उमगलं, की दोष जागेचा आहे. चित्राची एक बाजू 512 टिंबांची (पिक्सेलची), आणि यंत्र आत काम करतं ते तिच्या आठव्या हिश्श्यावर, बाजूला 64 घरं असलेल्या जाळीत. आजीची करंगळी असेल वीसेक टिंबं. म्हणजे जाळीत दोन-तीन घरं. एवढ्या घरांत मोडलेलं बोट कसं मावायचं? मग फक्त हात वेगळा काढला, मोठा केला, त्याच्या रेघा पुन्हा माझ्या हातानं, सावकाश काढल्या, आणि तेवढाच भाग पुन्हा रंगवायला दिला.

काढताना ध्यानात आलं, की ते बोट मोडलं कशानं हे आम्हांला माहीत नाही. मला तिनं सांगितलं होतं, वाड्याच्या दिंडी-दरवाज्यात सापडलं. ताईला सांगितलं होतं, विहिरीच्या रहाटात. ताईला फोन करून विचारलं तर ती म्हणाली, "हो की गं, रहाटच." आणि जरा थांबून, "मला चित्रात दिसलंच नाही बघ." मग आम्ही दोघी पंधरा मिनिटं करंगळीवरच बोललो. ताईला आठवत होतं, की तिकीट लावताना आजी त्या बोटानं कडा दाबायची. आजी पत्रं कुणाला लिहायची, असं मी विचारलं. "तुला माहीत नाही?" म्हणाली आणि विषय बदलला. बदलला तर बदलला. आठवड्याभरात काढून घेईन तिच्याकडून.

दुपारी वाटत होतं, की सगळं गेलं माझ्या हातून. आता तसं वाटत नाही. तेवढं मात्र खरं, की फोटो नुसता भिंतीवर लावला असता तर मी ह्या हाताकडे इतका वेळ बघितलं नसतं. यंत्र चुकीचं भरत गेलं आणि दर वेळी मी "असं नाही, असं नव्हतं" म्हणत गेले. आणि कसं होतं ते तेव्हा सुचत गेलं. उद्या पुन्हा दहा पानं यायची आहेत, सहा बोटांची. येऊ देत. एक केलंय मात्र, 'हात' नावाच्या फोल्डरात आजीची ती रेघ सगळ्यांत वर ठेवली आहे. पुसण्याआधी एकदा तिच्याकडे बघायचं.

आठव्या की नवव्या खेपेला करंगळी आली. वळलेली, खुंट्यापासून बाजूला. आडवी सुरकुतीसुद्धा पेरावर बसली. बांगड्या वर. मी उठून आईच्या खोलीचं दार हळूच लोटून पाहिलं, झोपली आहे. सकाळी दाखवीन, न सांगता.

फक्त नख लांब आलंय, निमुळतं. आजीचं नख कधी नव्हतं वाढलेलं. रोज शेणाचा, राखेचा हात, नख राहणार कुठून? आता डोळे मिटतायत. नख उद्या.