आमची वाटचाल: एक लिटरचं माप

नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रोडच्या आतल्या बाजूला गिअरबॉक्सच्या कामासाठी पत्र्याचं शेड घेतलं तेव्हा आमच्याकडे गाडी टेकवायच्या दोन घोड्या, रिंग पान्यांचा एक सेट आणि मास्तर होते. मास्तर म्हणजे भागीदार. खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपरखाली जन्म गेलेला माणूस. पगार नको म्हणाले, चार आणे हिस्सा द्या. फर्मचं सगळ्यात जुनं अवजार त्यांनीच घरून आणलं: अॅल्युमिनियमचं एक लिटरचं दुधाचं माप, दांडा वाकलेला. घरी म्हशी होत्या त्यांच्या.

त्या काळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हटलं की मेकॅनिक हात झटकायचे. आमच्याकडे खाणीतले टिपर, म्हणजे माल ओतणारे ट्रक यायचे. पहिली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग 2013 चा मे. नागपूरचा पारा 47 च्या वर गेला होता. उमरेडकडच्या एका कंत्राटदाराचे बारा टिपर आमच्याकडे होते. मास्तर भाच्याच्या लग्नाला गावी गेले आणि एक गाडी मी एकट्याने रात्री घेतली. ॲलिसन कंपनीचा 3000 सिरीजचा ऑटोमॅटिक बॉक्स, खोल पॅनवाला, म्हणजे खालची तेलाची परात खोल. यातलं तेल सोडलं की साधारण 18 लिटर निघतं. कोरड्या बॉक्सला 27 लागतं; फरकाचं तेल कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सला देणारा भाग) आणि कूलरच्या नळ्यांत बसून राहतं, खालच्या प्लगमधून येत नाही. फिल्टर दोन्ही बदलले. नवे, म्हणजे कोरडे. तेल ओतत गेलो आणि इंजिन बंद ठेवूनच पातळीची पट्टी पाहिली. फुल दाखवली. झाकण लावलं, घरी गेलो.

सकाळी टिपर भरून चढावर गेला आणि घसरायला लागला. ड्रायव्हरने अॅक्सिलेटर दाबून दाबून क्लच प्लेटी जाळल्या. मास्तर परतले, शेडमध्ये आले, ड्रममधलं उरलेलं तेल मापाने मोजलं. "चार लिटर जास्त उरलं आहे बे," एवढंच बोलले. माप त्या रात्री खिळ्यालाच लटकलेलं होतं. इंजिन चालू झालं की पंप तेल वर ओढतो, फिल्टर भरतात, पॅनमधली पातळी खाली जाते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घाई होती.

बॉक्स आमच्या खर्चाने उघडून भरून दिला. कंत्राटदाराने तरीही अकरा गाड्यांचं मागचं बिल अडवलं. ते आजतागायत आलेलं नाही. शेडमधला हायड्रॉलिक प्रेस विकावा लागला. घेतला कोणी, तर दोन शेड सोडून नवीन बसलेल्याने. त्याने फ्लशिंगचं, म्हणजे नवं तेल दाबून जुनं बाहेर काढायचं मशीन आणलं होतं आणि अख्ख्या वाडीत सांगत फिरत होता की आम्ही अर्धंच तेल बदलतो. अर्धं नाही, तीन भागांतले दोन. आणि हे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो: पुरतं बदलायचं असेल तर काही दिवस चालवा, पुन्हा आणा, पुन्हा सोडू. फिल्टरला हात न लावता नुसतं मशीन जोडून पावती फाडण्याला मी सर्व्हिस म्हणत नाही. राग आहे, लपवत नाही.

गिऱ्हाईक पांगलं. टिकले ते एकटे मुरूम-गिट्टीवाले भाऊ, कुहीकडचे. क्रेटवर बसायचे, घमेल्यात धार पडत असताना बोट बुडवून वास घ्यायचे. लाल तेल तपकिरी होऊन करपट वास आला की तोंड वाकडं. "निघालं किती ते सांग पहिले, मग पैशाचं बोलू." एकदा सतरा निघालं तर गाडीखाली वाकून गळती स्वतः शोधली. कूलरच्या नळीची ओ-रिंग गेली होती.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. गाडी फिरवून आणा, तेल गरम असतानाच प्लग सोडा, गाळ सोबत येतो. शेवटचा आटा सोडताना मनगट बाजूला ठेवा. प्लगच्या चुंबकावर राखाडी मलम असेल तर ती रोजची झीज, बोटाला टोचणारा चुरा दिसला तर बॉक्स उघडावा लागेल. वायसर नवीनच टाका. साध्या गिअरबॉक्सचं नव्वद नंबर तेल यात चालत नाही, कोणी कितीही सांगो. पातळी पाहायची ती सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू आणि तेल गरम असताना. जास्तही नको, फेस होतो. आणि काळं तेल स्लॅबच्या फळ्यांना लावायला नेणाऱ्या सेंट्रिंगवाल्याला विकू नका, परवाना असलेल्याला द्या. 2016 च्या नियमांत ते घातक कचऱ्यात येतं.

मास्तर आता घरी असतात. माप खिळ्यावर आहे, दांडा मी सरळ केलेला नाही.

मागच्या महिन्यात दोन शेड पलीकडच्याचा फोन आला. फ्लशिंगचं मशीन काढायचं आहे, घेता का? मी म्हटलं, मशीन राहू द्या, प्रेसचं काय घ्याल ते सांगा. निळा रंग मारला आहे त्याने, पण फ्रेमवरचा वेल्डिंगचा जोड मास्तरांचाच, लांबून ओळखू येतो. विकला होता त्याच्या दुप्पट सांगतो आहे. बोलणी चालू आहेत.